मुंगीच्या रंगाचं क्रीम

माझा धाकटा भाऊ पेंटर आहे. चित्रं काढणारा नव्हे, भिंती रंगवणारा. हे आधीच सांगून टाकते, कारण पेंटर म्हटलं की लोक उगाच हुरळतात आणि मग त्याच्या पँटवरचे डाग बघून त्यांची तोंडं उतरतात. त्याचं नाव झालं ते डोळ्यामुळे. जुन्या भिंतीचा कुठेतरी पोपडा निघाला की घरमालक खर्चाचा हिशेब मांडायला लागतो, आता सगळी खोली नव्याने रंगवावी लागणार म्हणून. आमचा धाकटा भिंतीकडे बघतो, खिडकीकडे बघतो, डब्यात रंगाचे दोन-चार थेंब टाकून ढवळतो आणि तेवढाच तुकडा रंगवून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी मालकाला तो तुकडा शोधून सापडत नाही. रंगाच्या दुकानात त्याला डोळाच म्हणतात. "डोळा आला" असं तिथे कुणी ओरडलं की नवीन गिऱ्हाईक दचकून मागे सरकतं.

या डोळ्याचा एक हट्ट. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून. दिवा लावून कुणी त्याला शेड दाखवायला लागलं की तो सरळ पाठ फिरवायचा. बल्ब खोटं बोलतो, म्हणायचा.

त्याची बायको म्हणजे आमची मुंगी. हे नाव मी ठेवलं. एवढीशी, काळीसावळी, आणि कधीही बघा, हातात काहीतरी घेऊन कुठून तरी कुठे तरी निघालेली. नणंद-भावजयीचं जे असतं ते आमचंही झालं, पहिली वर्षं आम्ही एकमेकींशी भांडी आपटून बोललो. मग माझा नवरा गेला, मी शिलाई मशीन घेऊन यांच्या पुढच्या खोलीत राहायला आले, आणि तिने मशीनसाठी खिडकीची जागा न मागता रिकामी करून दिली. त्या दिवसापासून तिच्याबद्दल वाकडं बोलायचा हक्क फक्त मला, बाकी कुणाला नाही.

मुंगी रोपांच्या नर्सरीत कामाला होती. पिशव्यांत माती भरायची, कुंड्या बदलायची, पाणी घालायचं. पण नुसतं काम म्हणून करायची नाही. घरी येऊन सांगायची, आज कोपऱ्यातलं लिंबू रुसलंय, उद्या त्याची जागा बदलते. मी म्हणायची, अगं माणसं रुसतात ती तुला दिसत नाहीत. ती म्हणायची, माणसं बोलून दाखवतात की, त्यांचं काय एवढं.

तर या बाईच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठला. आधी वाटलं उन्हाने, मग वाटलं मातीने. मग बोटं सुजायला लागली, सकाळी कपाचा कान धरता येईना. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. आम्ही तिघं ठोंब्यासारखे बसलेले बघून बाईंनी सोपं करून सांगितलं. आपल्या अंगात पहारेकरी असतात, ते बाहेरच्या चोराला मारतात. हिचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवताहेत. आणि ऊन लागलं की ते पिसाळतात. आज चामडीवर आहेत, उद्या मूत्रपिंडावर जातील, आणि एकदा तिथे गेले की माझ्या हातात फार काही उरणार नाही. गोळ्या मी देते, ऊन तुम्ही सांभाळा.

ऊन सांभाळा. नर्सरीत काम करणाऱ्या बाईला. मला हसावं की रडावं कळेना.

मी माझ्या परीने केलं. लांब बाह्यांचे सुती झगे शिवले, रुंद काठाची टोपी शिवली, मानेवर झालर सोडली. नर्सरीच्या मालकाने तिला मागच्या हिरव्या जाळीच्या शेडमध्ये काम दिलं, तेवढं मात्र त्याने बरं केलं. राहिलं तोंडाला लावायचं क्रीम. साधं सनस्क्रीन लावलं तर तिचं तोंड चरचरून पेटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसलं नको, झिंकचं घ्या, मिनरल सनस्क्रीन म्हणतात त्याला. त्यातलं एक त्वचेच्या रंगाचं येतं, पांढरं दिसत नाही, पण ते आम्हाला झेपणारं नव्हतं आणि बाईंना ते आमच्याकडे बघूनच कळलं. त्या म्हणाल्या, मेडिकलमध्ये स्वस्तातली पण मिळतात, तीही चालतात. फक्त झिंक भरपूर असलेलं घ्या, आणि आहे तसं, जाड लावा.

झिंक म्हटल्यावर धाकट्याचे कान टवकारले. "सफेदा," तो मला जिन्यात म्हणाला. "आमच्या रंगात असतो तोच. हे तर माझंच काम आहे, ताई."

त्याचा चेहरा बघायला हवा होता. इतके दिवस रक्ताचे कागद, मोठमोठी नावं, यांत तो हरवलेल्या पोरासारखा मागे मागे फिरत होता. आता एकदम पाय जमिनीला लागले. मेडिकलमधल्या मुलीला त्याने असलं-नसलं सगळं काढायला लावलं आणि चार घेऊन आला. निळ्या टोपणाचं, केशरी टोपणाचं, एक हिरवी ट्यूब आणि एक पांढरी. प्लायवूडचा तुकडा त्याने काळा रंगवला, वाळवला, आणि त्यावर चारही क्रीमचे पट्टे ओढले, शेड दाखवताना ओढतात तसे. मग खिडकीशी बसून, मान वाकडी करून, बघत राहिला. निळ्याचं तेल वेगळं होऊन वरून ओघळ आला, ते बाद. केशरी म्हणजे नुसता वास, खालचा काळा रंग आरपार दिसत होता. हिरवीवर पाना-फुलांची चित्रं आणि मागे बारीक अक्षरात झिंक एवढंसं, तिला त्याने एक शिवी दिली. पांढरी ट्यूब सगळ्यांत ओबडधोबड, नाव कुणी ऐकलेलं नाही, आतलं क्रीम भिंतीची भोकं बुजवायच्या लांबीसारखं घट्ट. पण पट्टा ओढला की खालचा काळा रंग गायब. मागे झिंकचा आकडाही सगळ्यांत मोठा. हीच, तो म्हणाला.

आणि बरोबर म्हणाला. हे मी मुद्दाम सांगते. पुढे काय झालं त्यावरून त्याला मूर्ख ठरवणारे पुष्कळ भेटले मला, पण डॉक्टरीणबाईंनीसुद्धा ती ट्यूब बघून छान निवडलीत म्हटलं होतं.

फक्त ती ट्यूब लावून मुंगी भुतासारखी दिसायची. काळ्यासावळ्या चेहऱ्यावर पांढराफटक थर, डोळे आणि ओठ तेवढे मधून बाहेर. पहिल्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो. नर्सरीतही हसले, पण ते हसणं थांबलं नाही. मालक म्हणाला, आज भिंतीला लांबी भरून आलीस का. कुणा गिऱ्हाइकाच्या पोरीने आईच्या मागे लपून बघितलं. पत्र्याखाली बसून डबा खाणाऱ्या बायांनी जागा दिली, पण जरा सरकून, न जाणो लागण होत असली तर. मुंगी हे सगळं हसत सांगायची. एके दिवशी तिच्या पिशवीतून टॉवेल धुवायला काढला तर तो पांढरा, चिकट. नर्सरीच्या नळावर जाऊन ती तोंड पुसत होती.

मी काय गप्प बसणार. तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, लोक काय म्हणतात त्याला तू मूत्रपिंड देणार आहेस का. जीव नकोसा झालाय का तुला. ती सगळं ऐकून घेत कणिक मळत राहिली. मी दमले तेव्हा म्हणाली, "ताई, आजार कुणाला दिसत नाही माझा. हे दिसतं."

मी टॉवेल परत धुवायला घेतला. धाकटा दारातच उभा होता, त्याने ऐकलं.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी त्याने तिला खिडकीत बसवलं. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, कपाळ बघितलं, गाल बघितला, मनगटाची आतली बाजू बघितली. तिने विचारलं, काय विकत घ्यायचंय का. तो म्हणाला, गप बस, हलू नकोस. मग जमिनीवर मांड ठोकून बसला. एका रिकाम्या डबीत पांढऱ्या ट्यूबचं क्रीम पिळलं. त्यात तिचं अंगाला लावायचं लोशन घातलं, चांगलं ढवळून पातळ केलं. मग मेडिकलमधून आणलेली तोंडाला लावायची पावडर, एक गडद, एक पिवळसर, चिमूट चिमूट. ब्रशच्या दांड्याने घोटायचं, तिच्या गालावर टिपका लावायचा, खिडकीतून बघायचं, परत घोटायचं. चहा गार झाला, मी दुसरा केला, तोही गार झाला. शेवटी एक टिपका त्याने लावला आणि तो दिसेना. मी चष्मा लावून बघितलं, मलाही दिसेना. भिंतीच्या त्या तुकड्यासारखा जिरून गेला.

पातळ केलंस ते चालतं का, असं मुंगीनेच विचारलं. मी नाही, तिनेच. त्याने तिला पेंटरची गोष्ट सांगितली, जी तो हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. घट्ट रंग एका हातात मारला की फाटतो, सुटतो. रंग पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. पहिला वाळू द्यायचा, मग दुसरा. भिंत वर्षानुवर्षं टिकते. "तुला मी दोन हात देईन," म्हणाला.

आणि दिले. रोज सकाळी ती मोरीच्या दाराशी स्टुलावर बसायची आणि तो तिच्या तोंडाला पहिला हात द्यायचा. कपाळापासून खाली, कान, मान, काही सुटायचं नाही. मग वाळेपर्यंत दोघं चहा प्यायची. तोंड हलवलं तर रंग सरकेल म्हणून ती ओठ न हलवता बोलायची, आणि तो तिची नक्कल करायचा. मग दुसरा हात. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्या चेहऱ्याला इतक्या वेळा हात लावला नसेल. मी मशीनवर खाली मान घालून बसायची. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा.

मुंगी परत माणसांत आली. बाया डबा खाताना आता लांब सरकेनात, चिकटून बसायला लागल्या. मालकाला वाटलं ही बरी झाली. ती बोलायला गोड, झाडांची नावं तोंडपाठ, म्हणून त्याने तिला मागच्या जाळीतून काढून पुढे फाटकाशी ठेवलं, जिथे फुलझाडं उन्हात मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक आत शिरतं. पगारही थोडा वाढवला. माझी टोपी खुंटीला लागली. मी ओरडले तर मला म्हणाली, ताई, दोन हात आहेत ना. कुणीतरी तिचा तिथे फोटो काढला, पिवळ्या फुलांच्या मधोमध, डोळे बारीक करून हसताना. त्या फोटोत तिच्या अंगावर ऊन नुसतं ओतलंय.

मग तिचे पाय सुजले. चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. उभं राहून राहून झालं असेल म्हणून तिने पाय गरम पाण्यात घातले. मग लघवीला फेस यायला लागला, ते तिने लाजेने आठवडाभर सांगितलं नाही. मग एका दुपारी मालकाचा फोन आला, फाटकाशी कुंड्यांमध्ये पडली म्हणून.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई आल्या. पहारेकरी मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. काम कुठे करत होती, किती वेळ, क्रीम लावत होती का, सगळं विचारलं. धाकट्याने खिशातून डबी काढून दिली. मला आठवतंय, थोड्या अभिमानानेच दिली. बाईंनी क्रीम दोन बोटांत चोळून बघितलं, वास घेतला. हे काय आहे, विचारलं. त्याने सगळं सांगितलं. कुठली पावडर, किती लोशन, कसं घोटलं. बाईंनी मध्ये तोडलं नाही. ऐकता ऐकता त्या भिंतीला टेकल्या.

मग त्यांनी सांगितलं. क्रीममधलं झिंक एकसारखं पसरून राहावं म्हणून बनवणाऱ्याने ते बांधलेलं असतं. त्यात दुसरं काही कालवलं की बांधणी सुटते. झिंक कुठे गोळा होतं, कुठे नसतंच. डोळ्याला सारखं दिसतं, पण उन्हाला भोकंच भोकं. तोंडभर गाळणी लावल्यासारखं.

"दोन हात दिले होते," धाकटा म्हणाला.

बाई त्याला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, हा आजार ऊन न लागताही उसळतो, यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मीही त्याला पुढे शंभरदा सांगितलं. त्याच्या कानात शिरलं नाही. तो डबीचं झाकण लावत राहिला, ते आट्यांवर बसेना.

मुंगी घरी आली, पण ती मुंगी राहिली नव्हती. औषधांनी तोंड सुजून वाटोळं झालं, हातांच्या काटक्या झाल्या. दिवसाआड तिला हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर नेऊन रक्त शुद्ध करून आणायचं, तेही दिवस मावळल्यावर. बाईंनी खिडकीतल्या उजेडापासूनही जपा सांगितलं होतं. मी म्हटलं, जाड पडदे शिवते, दोन दिवस दे. त्याने ऐकलं नाही. काळ्या रंगाचा डबा उघडला आणि दोन्ही खिडक्यांच्या काचा आतून रंगवून टाकल्या. रंग पातळ न करता, आहे तसा. ब्रश अडत होता, खरवडल्यासारखा आवाज येत होता. माझं शिलाईचं काम त्या दिवसापासून बल्बखाली आलं, त्याचं मला काही नाही.

कामावरही तो तसाच करायला लागला. रंगात पाणी घालेना. ठेकेदाराने सांगितलं, हातापाया पडून सांगितलं, हा ऐकेना. घट्ट रंग भिंतीला थापायचा. वाळला की भेगा. एका घरच्या अख्ख्या भिंतीचा रंग महिन्याभरात सुटून आला आणि ठेकेदाराने त्याला परत बोलावलं नाही. रंगाच्या दुकानात तो जाईनासा झाला. घरी बसून मुंगीची औषधं द्यायचा, तिला उठवायचा, बसवायचा. पण तिच्या तोंडाला हात लावायचा नाही. तोंड पुसायचं झालं की मला हाक मारायचा. तिच्या ते ध्यानात आलं होतं. काही दिवस तिने चालवून घेतलं.

परवा सकाळी बोलली. मी मशीनला तेल घालत होते. तो तिला उशी देत होता. ती म्हणाली, "ती डबी आण ना."

तो म्हणाला, कुठली डबी. त्याला माहीत होतं.

"माझ्या रंगाची. आता काही मी उन्हात जात नाही. मग निदान जिने बरी दिसेन ती लाव."

मला वाटलं हा आता कोसळणार. मी उठले, म्हटलं मी लावते, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि मी परत बसले. मग त्याने फळीवरून डबी काढली. आतलं वाळून खडा झालं होतं. त्याने पांढरी ट्यूब शोधली, लोशन शोधलं, पावडरी शोधल्या, आणि जमिनीवर मांड ठोकून बसला. घोटायला लागला. टिपका लावायचा, बघायचा, पुसायचा. जुळेना. जुना रंग उरलाच नव्हता तिचा. गालांवर लाल, खाली राखेसारखं काहीतरी, डोळ्यांभोवती पिवळट. तो पावडर घालत राहिला. मधेच सवयीने उठला, डबी घेऊन खिडकीपाशी गेला, आणि काळ्या काचेसमोर उभा राहिला. खिडकीच्या कठड्यावर त्याची लांबीची पट्टी पडलेली होती. ती त्याने उचलली. एवढासा कोपरा खरवडला असता तर उजेड आला असता. त्याने पट्टी खाली ठेवली आणि बल्बखाली परत आला.

एक टिपका तिच्या गालावर लावला. लांबूनसुद्धा दिसत होता तो. मुंगीने माझ्याकडून छोटा आरसा मागून घेतला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"जुळला," ती म्हणाली.

तो म्हणाला, "बल्बखाली सगळंच जुळतं."

पण त्याने लावलं. कपाळापासून खाली, गाल, कान, मान, काही सोडलं नाही. मग तो तिच्याजवळ बसून राहिला. ती ओठ न हलवता काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. पहिला हात वाळल्यावर त्याने दुसरा दिला.